ग्रेडरची नानखटाई

राजापेठ, अमरावती
१८ मे २००६, गुरुवार

प्रिय चंदा,

टाके कसे आहेत? तुझ्या पोटातून निघालेले खडे तुझ्या आईनं बाटलीत भरून ठेवलेत असं कळलं. ती बाटली इकडे आणायचा तिचा विचार असेल तर तिला वेळीच थांबव. या घरात बाटल्या आणि डबे आधीच पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एकावरही आत काय आहे ते खरं लिहिलेलं नाही. मला या गोष्टीचा नुकताच फटका बसला आहे. तो पुढे येईलच.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण रिसीव्हर हातात आला की माझ्या तोंडून 'बरं' आणि 'ठेवतो' एवढे दोनच शब्द निघतात, हे तुला माहीत आहे. दहा वर्षांत तर तेही निघाले नाहीत. म्हणून कागद घेतला. तुझी अट तुझ्या आईनं मला शब्दन् शब्द सांगितली आहे. ऑपरेशन आहे, सासूबाई आबेदाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे, नाइलाज आहे म्हणून पोरं यंदा पाठवते, पुन्हा पाठवणार नाही. पंचवीस तारखेला ती परत जातील. म्हणजे मला मोजून एकवीस दिवस मिळाले, त्यातले चौदा संपले. आडपडदा न ठेवता लिहितो. या एकवीस दिवसांत पोरांना इथे पुन्हा यावंसं वाटावं आणि तुला त्यांना पुन्हा पाठवावंसं वाटावं, याखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. साठी उलटल्यावर माणूस परीक्षेला बसला की कसा घाबरतो, ते मी सध्या अनुभवतो आहे.

चार तारखेला शाकीब आपल्या पोरांना घेऊन राजापेठच्या स्टँडवर उतरला. तुझी आई आणायला गेली. मी गच्चीवर होतो. कुरड्या वाळत घातल्या होत्या, त्या राखायला थांबतो, असं मी तिला सांगितलं होतं. गच्चीवरून कोपऱ्यावरचं चहाचं दुकान दिसतं. तिथपर्यंत तो आला. दोन्ही पिशव्या त्याच्याच खांद्यावर होत्या. त्यानं खाली बसून अलीझाच्या बुटाची नाडी बांधली, पिशव्या तुझ्या आईकडे दिल्या आणि तिथेच थांबला. तुझी आई पोरांना वर घेऊन आली, अर्ध्या तासात तिनं मला सतरा सूचना केल्या, आणि त्याच्याच सोबत तुझ्याकडे यायला अकोल्याच्या बसनं निघून गेली. तो अर्धा तास तो उन्हात उभा होता आणि मी कुरड्या राखत होतो. एक चिमणी फिरकली नाही.

पहिले दोन दिवस पोरं सरकारी पाहुण्यांसारखी वागली. अफनान पाणी प्यायचं तरी विचारायचा. "नाना, माठातलं घेऊ?" अलीझा तर बोलायचीच नाही, नुसती कूलरसमोर बसून वाऱ्यात केस उडवायची. तू त्यांना इतकं बजावून पाठवलं होतंस की मला त्यांची दया यायला लागली. जेवायला सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी. मला तेवढंच येतं, हेही तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी अलीझानं चमचा खाली ठेवला आणि आवाज न करता रडायला लागली. मी विचारलं, "काहून रडतं, बापा?" मग म्हणाली, "सुट्टीत दादी आमाले नानखटाई करायले भट्टीवर नेते. औंदा तिचा पाय मोडला."

मग अफनाननं मला सगळी पद्धत समजावून दिली, जशी काही मला माहीतच नाही. घरून मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीवाल्याच्या भट्टीवर जायचं. तिथल्या ओट्यावर बसून आपल्याच हातानं गोळे वळायचे. दादी वळते, अफनान पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडतो, आणि अलीझा प्रत्येकावर अंगठा दाबून चारोळी बसवते. अंगठा फक्त अलीझाचा, दुसऱ्या कुणाचा चालत नाही. मग भट्टीवाला भाजून देतो आणि डबा भरून घरी यायचं. सांगता सांगता पोरगा खुलला. मी म्हणालो, "त्यात काय एवढं? इथेच करू." अलीझानं नाक पुसत विचारलं, "तुमाले येते?" मी म्हणालो, "येते तर!" एकतीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची नोकरी केली, कुणाच्या दबावाला बळी पडून एक खोटा शब्द बोललो नाही. आणि सहा वर्षांच्या पोरीसमोर पहिल्याच प्रश्नाला घसरलो.

शेजारच्या पार्बताबाईंकडे तो गोल इलेक्ट्रिकचा ओव्हन आहे, झाकणाला काच असलेला. तो मागून आणला. अंदाजानं मैदा घेतला, अंदाजानं तूप ओतलं. सोडा घालायचा असतो एवढं मला माहीत होतं. फळीवर 'खा. सोडा' असं तुझ्या आईच्या अक्षरात लिहिलेला डबा होता, त्यातला दोन चमचे घातला. पावणेनऊला ट्रे आत ठेवला आणि नऊच्या ठोक्याला वीज गेली. भारनियमनाचं वेळापत्रक मी स्वतः कॅलेंडरवर चिकटवलेलं आहे, नऊ ते बारा, आणि ते कॅलेंडर ओव्हनच्या बरोबर वर टांगलेलं होतं. अलीझा काचेला डोळा लावून बसली होती. ती म्हणाली, "नाना, ते झोपले." बारा वाजता वीज आली तेव्हा ते उठले, पण वेगळेच होऊन उठले. चपटे, तपकिरी, कडक. पार्बताबाईंनी तुकडा तोंडात टाकला, विचार केला आणि म्हणाल्या, "भाऊ, पापड चांगले झाले." त्या सोड्याच्या डब्यात पापडखार होता. सोडा कुठे आहे हे मला अजून सापडलेलं नाही. साखरेच्या डब्यात मोहरी आहे, एवढं सांगू शकतो.

त्या दिवशी दुपारी अफनाननं विचारलं, "नाना, तुमी पयले काय काम करत होते?" मी सांगितलं. कापसाची गाडी समोर येते. ग्रेडर गाडीत हात घालतो, मूठभर कापूस ओढतो, दोन अंगठ्यांत धागा धरून लांबी बघतो, सरकी दाताखाली फोडून ओल किती ते ऐकतो. मग ग्रेड सांगतो. चांगला असला तर सुपर, बरा असला तर एफएक्यू, आणि किडीनं पिवळा पडलेला असला तर कवडी. अफनाननं शांतपणे ते तपकिरी प्रकरण माझ्यासमोर धरलं. "मंग ह्याले कोनती ग्रेड?" मी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, दाताखाली धरलं. आवाज दगडाचा आला. नोकरीशी बेइमानी कशी करणार? म्हणालो, "कवडी." अलीझा एवढी हसली की कूलरसमोर आडवी झाली. माझ्या घरातलं तिचं ते पहिलं हसणं. त्याच क्षणी अफनाननं स्वतःला ग्रेडर नेमून टाकलं, एक वही घेतली, कानावर पेन्सिल अडकवली. मी शेतकरी. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी गाडीच्या त्या बाजूला उभा राहिलो आणि तुला सांगतो, तिथे उभं राहणं सोपं नाही. तो पोरगा भुवई वर करतो तेव्हा मी आपोआप टोपी सारखी करतो.

दुसरा प्रयत्न कुकरचा. कुकरमध्ये रेती घालायची, शिटी आणि रिंग काढायची, रेती तापली की आत ताटली ठेवायची. पार्बताबाईंनी हे दोनदा सांगितलं. शिटी मी काढली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत गॅस पेटलेला, तिघांच्या अंगाला मैदा. दहा मिनिटांनी रबर जळाल्याचा वास सुटला आणि कूलरनं तो सगळा धूर गोळा करून गल्लीभर वाटला. खालच्या मजल्यावरचा मोतीराम पाण्यानं भरलेली बादली घेऊन धावत वर आला. कुठे काही पेटलेलं दिसेना. एवढं जड वर आणलेलं पाणी खाली कशाला न्यायचं, म्हणून त्यानं ते माझ्यावर ओतलं. पोरांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याला आणखी दोन बादल्या आणायला लावल्या. मग आम्ही तिघं ओले, स्वयंपाकघर काळं, आणि वहीत नोंद अशी: कवडी, जळका वास, शेतकऱ्याला समज दिली. कुकरची बातमी तुझ्या आईला तूच सांग, आणि ती हसत असेल तेव्हाच सांग.

त्या संध्याकाळी तिथेच फरशी पुसताना मला तुझी पहिली भाकर आठवली. तू चौथीत होतीस. ज्वारीचं पीठ कोपरापर्यंत लागलेलं, आणि भाकर तीन बाजूंनी फाटलेली. तू ती ताटात घेऊन माझ्यासमोर आलीस. मी केंद्रावरून दमून आलो होतो. मी ती उचलली, उजेडात धरली आणि म्हणालो, "कड फाटली. पुढच्या वेळी पीठ नीट मळ." खाल्ली असती तर काय बिघडलं असतं? तू पुढे वर्षभर चुलीजवळ गेली नाहीस. तेव्हा मला वाटलं, पोरीला स्वयंपाकाची आवड नाही. आता अफनानची ती भुवई बघतो तेव्हा तुझं त्या दिवशीचं तोंड दिसतं. तुझ्याबरोबर मी कधी काही बनवलं नाही, चंदा. तू बनवायचीस आणि मी तपासायचो.

तिसऱ्या प्रयत्नाआधी अलीझा म्हणाली, "दादीले फोन करू." मला दुसरा मार्ग नव्हता. अफनान फोनवर बोलणार, मी शेजारी कागद घेऊन माप लिहिणार, असं ठरलं. माप काय आलं? 'घी जित्ता माँगे उत्ता मैदा.' मी म्हणालो, हे काय माप झालं? किलो सांगा, वाटी सांगा. अफनाननं तसंच्या तसं पलीकडे सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि त्या पोरानं, तुझ्याच पोरानं, काही न विचारता रिसीव्हर माझ्या कानाला लावला. आबेदाबाई म्हणाल्या, "भाईसाब, हाथ को समझता है. आपका तो हाथ का ही काम था ना?" मी 'बरं' म्हणालो. 'ठेवतो' म्हणणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "नीले डब्बे वाली ही बनाना है ना? वच्छलाबाई बोलती थी, साहब को बहोत पसंद है. दस साल से भेज रही मैं."

मी स्टुलावर बसलो. तुझ्या आईचा तो निळा डबा! वर्षातून दोनदा ती अकोल्याला सत्यभामेकडे, तुझ्या मावशीकडे जाते म्हणून जायची आणि येताना तो डबा भरून आणायची. ती तुला भेटून येते हे मला कळत होतं, पण डब्याबद्दल मी काही विचारलं नाही. चहाबरोबर चार-चार खायचो, मिटक्या मारायचो, आणि दर वेळी म्हणायचो, सत्यभामेच्या हाताला सुपर ग्रेड. तुझी आई न हसता म्हणायची, "सांगते तिले." जिच्या घरी चहासुद्धा करपतो, तिला नानखटाई कुठून येणार, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? ज्या घराचा उंबरा चढायचा नाही म्हणून मी दहा वर्षं अडून बसलो, त्याच घरचं दहा वर्षं खाल्लं आणि वर दाखलेही दिले. तू आत्ता हसते आहेस. हळू हस, टाके आहेत. तुझी आई शेजारी असेल तर तिला सांग, तिच्याशी मला बोलायचं आहे, पण आधी तिनं इकडे येताना डबा आणावा.

मग मात्र जमलं. तूप परातीत घेतलं आणि तळव्यानं फेटत बसलो, पांढरं होऊन फुगेपर्यंत. दोन्ही पोरं बाजूला बसली. मैदा थोडा थोडा घालत गेलो आणि एका जागी माझ्या बोटांना कळलं, आता पुरे. अगदी कापसाची ओल कळते तसं, विचार न करता कळलं. मी अफनानचं बोट धरून त्या पिठात घातलं, म्हणालो, "इथे थांबायचं. ध्यानात ठेव." त्यानं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोट घातलं आणि म्हणाला, "हो नाना, ते आता हाताले चिकटत नाई." अलीझानंही घातलं. परातीत सहा हात होते आणि कुणाचा कुठला ते ओळखू येत नव्हतं. मला फार बरं वाटलं, चंदा. एवढं बरं केंद्रावर कधी वाटलं नाही आणि घरी तर नाहीच.

इथे मागच्या गल्लीत नियाजभाईंची भट्टी आहे. मंगळवारी सकाळी तिघं मळलेलं पीठ डब्यात घेऊन तिथे गेलो. ओट्यावर सगळ्या बायका आणि त्यांची पोरं. धोतर-टोपीतला मी एकटा. नियाजभाईंनी विचारलं, "साहेब, चुकून आले काय?" मी म्हणालो, "नाही, नातवांना घेऊन आलो." हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोललो आणि बोलताना मला घाम फुटला, तो भट्टीचा नव्हता. मी गोळे वळले, अफनाननं ओळीत मांडले, अलीझानं अंगठे दाबले. शेजारच्या बाईच्या पोरीनं एकावर अंगठा दाबला, तर अलीझानं तो गोळाच मोडून मला परत वळायला लावला. अर्ध्या तासानं ट्रे बाहेर आले. वर भेगा, कड सोनेरी, सगळ्या भट्टीभर वेलचीचा वास.

अफनाननं कानावरची पेन्सिल काढली. ट्रेच्या कडेनं साहेबासारखा चालला. एक उचलली, मोडली, वास घेतला, दाताखाली धरून आवाज ऐकला. "सुपर." दुसरी. "सुपर." तिसरी. "एफएक्यू." बायका काम सोडून बघत होत्या. कोपऱ्यातली एक करपलेली होती. तिच्यापाशी तो थांबला, मान दुसरीकडे वळवली, हात वर केला आणि ओरडला, "पुढची गाडी!" आवाज माझा, हात माझा, मान वळवणं माझं. सगळी भट्टी हसली. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो.

परत येताना मी विचारलं, हे कुठे शिकलास? त्यानं मजेत सांगितलं. "अब्बू सांगतात ना! आमच्या घरी बाथरूमपाशी लाइन लागली का सगळे म्हणतात, पुढची गाडी! अब्बू तुमच्या केंद्रावर गेलते, गाड्याच्या लाइनमदी उभे राहिले, अन् त्यायचा नंबर आला तं तुमी म्हणले, पुढची गाडी!" अलीझा म्हणाली, "मंग अब्बू बैलासारके मान हलवत गेले." तिनं रस्त्यात चालून दाखवलं. अफनान पुढे म्हणाला, "अब्बू म्हणतात, नाना लय कडक होते. कोनाले लाइन मोडू देत नव्हते." पोरांना त्यात काहीच वाईट वाटलं नव्हतं. त्यांच्या घरात ती हसायची गोष्ट आहे. त्यांच्या बापानं ती तशीच सांगितली आहे त्यांना.

तुला ते माहीत आहे, तरी माझ्या हातानं एकदा लिहून देतो. जानेवारी शहाण्णव, चांदूर रेल्वेचं केंद्र. गाड्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत लागलेल्या. तो सकाळी अकराला आला. साहेबांना भेटायचं तर रांगेत या, असं फाटकावर कुणीतरी सांगितलं, तर तो खरोखरच दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला आणि तीन तास गाडी-गाडीनं पुढे सरकत आला. मी त्याला पहिल्या पाच मिनिटांतच ओळखलं होतं. समोर आल्यावर त्यानं सलाम केला, म्हणाला, "मी शाकीब. चंदाबद्दल बोलायचं होतं." मी त्याच्या मागच्या बैलांकडे बघितलं आणि ते दोन शब्द बोललो. लोक हसले. तो गेला. आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. नव्या ग्रेडरला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. गाडीवरून कापूस बघून ग्रेड लावायची नाही. कोपरापर्यंत हात आत घाल, तळचा माल काढ, मग तोंड उघड. जे चुकले त्यांना मी सगळ्यांसमोर झापलं आहे. त्या दिवशी मी हात घातला नाही. एका माणसाला वरवर बघून नापास केलं आणि दहा वर्षं फेरतपासणी टाळली.

हात घातला तो आता, आणि तोही पोरांनी धरून घालायला लावला. त्याच्या दुकानाबद्दल अफनान बोलायला लागला की थांबत नाही. सांगत होता, लोक फवारणीचे पंप दुरुस्तीला टाकून जातात आणि न्यायला येत नाहीत. गेल्या दोन वर्षांत फारच. भिंतीला ओळीनं लटकलेत म्हणे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. मी म्हणालो, विकून टाकायचे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अब्बू दर महिन्याले सगळे पंप चालू करून पाहतात. आतला रबरी वायसर सुकू नाई म्हणून. तो मानूस आला तं पंप चालू पायजे ना?" यंदा आमचं केंद्र उघडलंच नाही. जे लोक माझ्यासमोर रांगेत उभे राहायचे त्यांची नावं आता मी सकाळी पेपरात पहिल्या पानावर, आत्महत्यांच्या बातम्यांत वाचतो, आणि अफनान मोठ्यानं वाचायला लागला की ते पान काढून घेतो, नानखटाई गार करायला. त्या नावांसाठी मी काही केलं नाही. तुझा नवरा निदान त्यांचे पंप चालू ठेवतो आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते. आज सकाळपासून मी तीन कागद वाया घालवले. तिन्हींवर वर 'प्रिय शाकीब' लिहिलं आणि पुढे सुचेना, कारण ज्याचं म्हणणं एकदाही ऐकलं नाही त्याला आपलं काय सांगायचं? म्हणून तुला लिहीत बसलो, आणि लिहिता लिहिता हात मोकळा झाला. पंचवीस तारखेला कुणाला न्यायला पाठवू नका. पोरांना घेऊन मी स्वतः अकोल्याला येतो. मला घरात घ्यायचं की नाही, हे त्यानं ठरवावं. तू नाही, तुझ्या आईनं नाही, आबेदाबाईंनीही नाही. त्याला घाई करू नका. तो 'नाही' म्हणाला तरी मी पोरांना दारापर्यंत सोडीन, रागावणार नाही, आणि पुढच्या सुट्टीत त्यांना पाठवशील का, एवढं तुला विचारून परत येईन. आत्ता पाकिटात एक चौथा कागद घडी करून ठेवला आहे. तो तुझ्यासाठी नाही, उघडू नकोस. त्यावर चारच शब्द आहेत: प्रिय शाकीब, माझं चुकलं. तेवढा त्याच्या हातात दे.

तुझाच,
बाबा